अबनरकडे जायचं राहिलं

१९१६. पहिला महिना, २३. पहिला वार.

नवी वही. जुनीची पानं अजून शिल्लक होती, पण तिच्यावर चहा सांडला आणि बायकोने, मर्सीने, ही आणून दिली. महिन्यांना आणि वारांना नावं न देता आकडे घालायचे, रविवार तो पहिला वार, ही आम्हा क्वेकरपंथी ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. आमचा ल्यूक म्हणतो, "बाबा, हॅदरशॉमध्ये असं लिहिणारे आता तू आणि टॅबिथा क्रॉसफील्ड, दोघेच उरलात." उरलो तर उरलो.

आजची प्रार्थनासभा शांत झाली. तासभर आम्ही सगळे गप्प बसलो आणि बोलण्याची प्रेरणा कुणालाच झाली नाही, अबनर हॉयललासुद्धा नाही. याचं मला जरा बरं वाटलं. तसं वाटायला नको होतं, म्हणून लिहून ठेवतो.

अबनर बावीस वर्षांचा आहे, गिरणीत लोकर निवडतो. घर बाप्टिस्टांचं. त्यांच्या पाळकाने प्रवचनातच तरुणांना सैन्यात नाव घालायला सांगितलं, तेव्हा हा मधेच उठून बाहेर पडला आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे यायला लागला. त्याला आठ महिने झाले. मागच्या शरदात त्याचा थोरला भाऊ फ्रान्समध्ये मारला गेला, तरी हा येतच राहिला. सगळ्यांच्या आधी येऊन शेगडी पेटवतो. पायांत गिरणीवाल्यांचे लाकडी बूट, तळाला लोखंडी नाल. डोळे मिटलेले असले तरी फरशीवरच्या आवाजावरून कोण आलं ते कळतं.

अकराव्या महिन्यात तो सभेत उठून म्हणाला होता, "आपण इथे उबेला बसून शांतता मागतो. तिच्यासाठी आपण काय सोडलंय?" हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. शेगडीच्या सगळ्यात जवळ मी बसतो, एवढंच.

बाराव्या महिन्यात त्याने सभासद होण्यासाठी अर्ज दिला. अशा वेळी सभेतल्या दोघांनी अर्जदाराला भेटायचं, त्याच्याशी निवांत बोलायचं आणि मग मासिक सभेला कळवायचं. या भेटीशिवाय कुणाला घेत नाहीत. मला आणि टॅबिथाला नेमलंय. मी सभेचा चिटणीस, त्यामुळे ते आलंच. टॅबिथाने आज दारातच गाठलं.

"सायलस, अबनरकडे कधी जायचं?"

"दुकानाची बियाण्यांची यादी छापून आली की जाऊ."

"मागच्या महिन्यात 'यादी लिहून झाली की' म्हणाला होतास."

ऐंशीच्या बाईची स्मरणशक्ती एवढी चांगली असू नये. आत्म्याच्या गोष्टीत घाई करायची नाही, हे मला लहानपणी तिनेच शिकवलं.

दुसरा महिना, ५.

कायदा आला. अठरा ते एक्केचाळीस वयाच्या सगळ्या अविवाहितांना सैन्यात जाणं सक्तीचं. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला युद्ध पटत नाही, त्याने गावच्या मंडळापुढे अर्ज करायचा आणि मंडळाला खरं वाटलं तर सूट.

ल्यूक चोवीस वर्षांचा आहे. फॉर्म समोर घेऊन बसला होता. "यात काय लिहू?"

"खरं असेल ते लिही," मी म्हणालो.

मर्सीने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. "जन्मापासून सभासद आहेस. तेवढं लिहायचं आणि गप्प बसायचं."

दुपारी अबनर दुकानात आला, आईसाठी कांद्याचं बी घ्यायला. मला वाटलं, आता हा भेटीचं विचारणार. नाही विचारलं. "तुमचा हंगाम आहे," म्हणाला. अंगाला लोकरीच्या तेलाचा वास. मी पाकिटात जरा जास्त बी घातलं.

दुसरा महिना, २६.

मंडळाने चिटणीस म्हणून माझ्याकडे दोघांबद्दल लेखी मागितलं. एकाच बैठकीत दोन्ही पत्रं लिहिली. पहिलं असं: "ल्यूक अल्डरसन हा आमच्या सभेचा जन्मापासून सभासद आहे. शस्त्र हाती न धरणं हे आमच्या सभेचं अडीचशे वर्षांचं तत्त्व आहे." दुसरं असं: "अबनर हॉयल हा आमचा सभासद नाही. काही महिन्यांपासून तो आमच्या सभेला येतो. त्याचा अर्ज विचाराधीन आहे. त्याच्या श्रद्धेबद्दल सभेने अजून कोणतंही मत बनवलेलं नाही."

मर्सीने दोन्ही वाचली. "अबनरचं फार कोरडं झालंय."

"खोटं काय आहे त्यात?"

"मी खोटं म्हणाले का?"

शंभर दाणे ओल्या फ्लॅनेलवर घालून कोंब मोजल्याशिवाय मी पाकिटावर आमचं नाव छापत नाही. ज्याच्या घरी अजून गेलो नाही, त्याच्या मनाची हमी कशी देऊ? दोन्ही पत्रांतला शब्दन् शब्द खरा आहे. पुन्हा तपासून पाहिलं.

तिसरा महिना, १४.

मंडळापुढे आज सहा जण होते. अध्यक्ष नगरपाल, आणि सैन्यातर्फे एक निवृत्त मेजर. मागे बाकांवर गावातली माणसं, निम्मी सुतकाच्या काळ्या कपड्यांतली.

पहिला समाजवादी विणकर. देव मानत नाही, पण जर्मन विणकराला मारणार नाही म्हणाला. मेजर म्हणाला, "देवच नाही तर सदसद्विवेक आणलास कुठून?" लोक हसले. मग एका लहानशा पंथातले दोघे भाऊ. ते निवडणुकीत मतसुद्धा देत नाहीत, कारण त्यांचा राजा स्वर्गात आहे. मग मांस न खाणारा एक शाळामास्तर. त्याला विचारलं, ढेकूण मारतोस का?

ल्यूकचं दोन मिनिटांत झालं. अध्यक्षांनी माझं पत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली. शेतावर काम करण्याच्या अटीवर सूट.

मग अबनर. मेजरने त्याला विचारलं, "तुझा भाऊ देशासाठी मेला. त्याची लाज नाही वाटत?"

"त्याची आठवण येते," अबनर म्हणाला.

"गिरणीत सैन्याच्या कापडाची लोकर निवडतोस ना? तेव्हा कुठे गेला होता सदसद्विवेक?"

अबनर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग माझं पत्र वाचलं गेलं. "'कोणतंही मत बनवलेलं नाही,'" अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "म्हणजे खुद्द क्वेकरांनाही हा पोरगा नको आहे." पुन्हा हशा. अर्ज नामंजूर.

मी उठून उभा राहिलो होतो, हे खरं आहे. पण मला कुणी विचारलं नव्हतं. बाहेर अबनर माझ्याजवळून गेला, टोपीला हात लावला.

तिसरा महिना, १९. पहिला वार.

एक विचित्र गोष्ट. सभा सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. डोळे मिटले होते. बाहेरच्या बोळात फरशीवर नालांचा आवाज झाला. सावकाश दारापर्यंत आला आणि थांबला. अबनर आला, उशीर झाला त्याला, असं वाटून मी जागा देण्यासाठी सरकलोसुद्धा. दार उघडलं नाही. डोळे उघडून पाहिलं तर सगळे शांत बसलेले.

नंतर टॅबिथाला विचारलं. ती म्हणाली, "आज अबनर आलाच नाही, सायलस. शेगडीपण पेटलेली नाही, बघितलं नाहीस?"

खरंच पेटलेली नव्हती. तासभर मी तिच्याशेजारी बसलो होतो आणि लक्षात आलं नव्हतं.

तिसरा महिना, २६. पहिला वार.

मासिक सभा. वरच्या मंडळापुढे अबनरचं अपील चार दिवसांनी आहे. टॅबिथाने सुचवलं, की भेट राहिली तर राहिली, त्याला आजच सभासद करून घेऊ आणि तसं लिहून देऊ.

आमच्याकडे मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबतात. खोलीतला कल तिच्या बाजूचा होता, मला तो जाणवत होता. पण कायदा आला म्हणून नियम बाजूला ठेवला, तर उद्या लोक म्हणतील, क्वेकर पोरं लपवायला दाखले वाटतात. आणि मग ज्यांचे दाखले खरे आहेत त्यांच्यावरही शंका येईल. मी हे बोललो. शांतपणे बोललो.

मग ठरलं, की विषय पुढच्या सभेवर. मी तसं इतिवृत्तात लिहिलं. टॅबिथा निघून गेली.

घरी मर्सी म्हणाली, "ज्यांचे दाखले खरे आहेत ते म्हणजे कोण?" तिला म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता.

बाहेर बर्फ पडतोय. या महिन्यात एवढं बर्फ मी पाहिलेलं नाही. वाटाण्याची रोपं गेली.

चौथा महिना, १२.

अपील फेटाळलं होतंच. आज सकाळी पोलीस गिरणीतून अबनरला घेऊन गेला. निवडायच्या फळीवरची लोकर तशीच अर्धवट पडली, असं लोक सांगतात.

संध्याकाळच्या आत त्याची आई दुकानात आली. लेटी हॉयल. आजवर कधी माझ्याशी बोललेली नाही. तिच्या मते आम्हीच तिचा पोरगा बिघडवला. गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली.

"एक मुलगा राजाला दिला. दुसरा तुम्हाला दिला," ती म्हणाली. "राजाने निदान घेतला तरी."

मी काहीतरी सांगायला लागलो, अर्जाची पद्धत, मासिक सभा. तिने हात वर केला.

"डिसेंबरपासून दर शनिवारी मी पुढची खोली धुऊन ठेवत होते. तो म्हणायचा, आई, आज ते येतील. मला तुमचा राग होता, तरी केक करून ठेवायचे. म्हटलं, माझ्या घरात कुणी नावं ठेवायला नकोत."

ती गेल्यावर मी दुकान लवकर बंद केलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

चौथा महिना, ३०. पहिला वार.

ते नाल आता दर सभेला वाजतात. बोळातून येतात, दाराशी थांबतात. मी कुणाला सांगत नाही. आज तर लोकरीच्या तेलाचा वासही आला. त्या वासाने मला एवढी भीती वाटली की सभा सोडून पळावंसं वाटलं, पण चिटणीस पळत नाही.

ल्यूक शेतावरून आला होता. जेवताना एकदम म्हणाला, "बाबा, मी सभेला शेवटचा कधी आलो होतो?"

"आठवत नाही."

"तुला आठवत नाही असं काही असतं का? दोन वर्षं होतील. अबनर एकदाही चुकला नाही."

"मंडळाने ते विचारलं नव्हतं."

"विचारलं असतं तर?"

मर्सी म्हणाली, "बटाटे घे, ल्यूक." त्याने ताट सरकवलं. म्हणाला, "माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. देवावर नाही, तुमच्या शांततेवर नाही. जर्मनांना कुणीतरी थांबवायला हवं असं मला वाटतं, आणि मी तिकडे सलगम उपटतोय." मुलं या वयात बोलतात असं. मनाला लावून घ्यायचं नसतं.

पाचवा महिना, ११.

भेट झाली. टॅबिथाने ऐकलंच नाही. "आपल्याला नेमलंय," म्हणाली, "आणि तो कुठेही असला तरी अर्जदारच आहे." दोन गाड्या बदलून उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत गेलो. ऐंशीची बाई, डबा मांडीवर घेऊन सगळी वाट ताठ बसली.

अबनरने गणवेश घालायला नकार दिला आहे. त्याचे कपडे त्यांनी काढून घेतले आणि खाकी डगला कोपऱ्यात टाकून ठेवला. घाल नाहीतर बस तसाच. तो एका घोंगडीत गुंडाळून दगडी फरशीवर बसला होता, आतल्या कपड्यांवर. बूट नव्हते. पाय निळे पडलेले. खोकत होता.

"आलात," तो म्हणाला आणि हसला. "बसा म्हणालो असतो, पण खुर्ची नाही."

पहारेकऱ्याने वीस मिनिटं दिली होती. आम्ही फरशीवर बसलो, आणि रीतीप्रमाणे आधी थोडा वेळ गप्प. त्या शांततेत मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. छातीत घरघर होती. मग टॅबिथाने विचारलं, "अबनर, तुला आमच्यात का यायचंय?"

तो म्हणाला, "मेजरने विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. भाऊ गेल्यावर त्याचे कपडे घरी आले, पेटीतून. आईने डगला धुवायला घेतला. मी तो पिळत होतो. लोकर बोटांना लगेच कळते, रोज तेच करतो ना. ती आमच्या गिरणीतली होती. मी निवडलेली असेल. डाग निघेना. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, दुसरं काम नव्हतं, आई होती. पण ते कापड अंगावर घालणं मला जमणार नाही. मेलो तरी नाही. यात देव किती आणि मी किती, ते मला सांगता येत नाही." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "सायलस, तू पत्रात लिहिलंस ते खरंच होतं. माझ्याबद्दल तुला काही माहीत नव्हतं. आता सांगितलं. एवढं पुरतं का?"

"पुरतं," टॅबिथा म्हणाली.

मलाही तेच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आम्ही मासिक सभेला तसं कळवू."

त्याने मान हलवली. मी माझा कोट काढून त्याला द्यायला गेलो, पहारेकऱ्याने घेऊ दिला नाही. परत येताना गाडीत टॅबिथाने डबा उघडला नाही.

पाचवा महिना, २१. पहिला वार.

झालं. आज सभेने अबनर हॉयलला एकमताने सभासद करून घेतलं. मी अहवाल वाचला. इतिवृत्तात लिहिलं, "आम्ही त्याचं आनंदाने स्वागत करतो," आणि सही केली.

आणि आज आधीच्या शांत तासात ते नाल पुन्हा आले. पण दाराशी थांबले नाहीत. आत आले, बाकांमधून चालत माझ्यापर्यंत, आणि माझ्या शेजारी कुणीतरी बसल्यासारखं बाक जरा वाकलं. भीती वाटली नाही. कित्येक आठवड्यांनी मन हलकं झालं. वाटलं, माझी चूक भरून निघाली.

पाचवा महिना, २५.

अबनर वीस तारखेला गेला. न्यूमोनिया. म्हणजे आम्ही त्याला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी. तार त्याच्या आईला आली, आम्हाला बावीसला कळलं.

आज बाप्टिस्टांच्या स्मशानात पुरलं. आमच्या जागेत पुरावं असं मी सुचवून पाहिलं, लेटीने निरोप्यालाच परत पाठवलं. तरी आम्ही गेलो, फाटकाबाहेर उभे राहिलो. सगळं संपल्यावर ती आमच्याकडे आली.

"तुमच्या वहीत त्याचं नाव घातलंत म्हणे. कुठल्या तारखेला?"

"एकवीस."

"तेव्हा तो नव्हता."

"नव्हता."

"मग खोडा ते."

मी तिला सांगितलं, की सही झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड करत नाहीत. हे मी त्या बाईला, तिच्या मुलाच्या कबरीपासून वीस पावलांवर सांगितलं. मर्सीने माझा हात सोडला आणि तिच्याबरोबर चालत गेली.

मी अबनरला मारलं. हे कुठेतरी लिहायला हवं, म्हणून इथे लिहितो.

सहावा महिना, १३.

ल्यूकने मला न विचारता मंडळाला कळवलं, की त्याची सूट चुकीची आहे, त्याची अशी काही श्रद्धा नाही आणि त्याला सैन्यात घ्यावं. आज सुनावणी होती. मलाही बोलावलं.

घरातून निघताना तो म्हणाला, "बाबा, तुझ्याकडे एकच मागतो. अबनरबद्दल लिहिलंस तेवढंच खरं माझ्याबद्दल बोल."

तीच खोली, तोच मेजर. ल्यूकने सगळं स्वच्छ सांगितलं. दोन वर्षं सभेला गेलो नाही. प्रार्थना करत नाही. हे युद्ध लढायला हवं असं वाटतं. मेजर खूश झाला, त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघत होता. अध्यक्ष मात्र माझ्याकडे वळले.

"मिस्टर अल्डरसन, तुम्ही बाप आहात आणि सभेचे चिटणीसही. मुलगा म्हणतो ते खरं आहे का?"

ल्यूक माझ्याकडे बघत होता. मला त्याचे पाय दिसत होते, मोठे, शेतावरच्या मातीने माखलेल्या बुटांत. दगडी फरशीवर निळे पडलेले पाय आठवले आणि पुढचा विचारच करता आला नाही.

"नाही," मी म्हणालो. "अबनर गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. तो दर आठवड्याला सभेला येतो. त्याच्याइतका श्रद्धावान मुलगा आमच्यात दुसरा नाही."

"बाबा," ल्यूक म्हणाला.

मेजर काही बोलणार होता. अध्यक्षांनी त्याला थांबवलं. "या माणसाकडून मी वीस वर्षं बियाणं घेतोय. पाकिटावरचा आकडासुद्धा कधी चुकला नाही. सूट कायम." मला शपथही घ्यायला लावली नाही. दोन मिनिटं लागली असतील.

ल्यूक तिथूनच शेतावर गेला. घरी आला नाही. मर्सी विचारत होती काय झालं, तिला सांगितलं, सूट कायम राहिली. ती रडली आणि मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

एवढं सोपं होतं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. आणि अबनरसाठी तर मला खोटं बोलायचीही गरज नव्हती.